दिवेआगर, तीन फुटांवरून

माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली. त्यामुळे नव्या जागी पाऊल टाकलं की नजर आधी खाली जाते. प्लग किती उंचीवर आहे, दाराची कडी पोराच्या हाताला येते का, पायरीला धार आहे का, न्हाणीघराची फरशी ओली झाल्यावर पाय सटकतो का. दिवेआगरबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय, पण सगळं साडेपाच फुटांवरून: किनारा स्वच्छ, सुरूचं बन छान, मोदक झकास. तीन वर्षांचा नातू आणि पहिलीतली नात बरोबर असली की असल्या शेऱ्यांचा काडीचा उपयोग होत नाही. म्हणून हा अभिप्राय तीन फुटांवरून.

निकाल आधीच सांगून टाकते. मुलं सात-आठ वर्षांच्या आतली असतील तर पुण्याहून एका दिवसात पोचता येईल अशा कोकणात मला दिवेआगर सगळ्यांत सोयीचं वाटलं, आणि त्याचं कारण गावाची ठेवण. गाव समुद्राला धरून लांबच लांब पसरलंय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, घरामागे नारळ-पोफळीच्या वाड्या, पश्चिमेकडच्या वाड्या संपल्या की केवडा आणि सुरू, आणि मग थेट पुळण. म्हणजे समुद्राच्या बाजूचं घर मिळालं तर मधे ना डांबरी रस्ता ना वाहनं. वाडीतून चालत निघायचं आणि पाचेक मिनिटांत पाय वाळूत. पोराला ऐन वेळी शी लागली, कपडे ओले झाले, झोप आली, भूक लागली, तर तेवढ्याच पाच मिनिटांत परत. ज्याने लहान मुलांना घेऊन प्रवास केलाय त्याला या पाच मिनिटांची किंमत सांगायला नको. म्हणून फोनवर पहिला प्रश्न ‘एसी आहे का’ हा विचारू नका. ‘घर रस्त्याच्या कुठल्या अंगाला, आणि समुद्रावर जायला मधे रस्ता ओलांडावा लागतो का’ हे विचारा.

प्रवासाचं थोडक्यात. आम्ही मुळशी-ताम्हिणीवरून माणगाव आणि तिथून बोर्लीपंचतन असे गेलो. साधारण एकशे साठ-सत्तर किलोमीटर होतं, पण मुलांसकट निम्मा दिवस धरा. घाटात नातीला गाडी लागली, ती निजामपूरच्या अलीकडे एकदा आणि पुढे एकदा मोकळी झाली. सकाळी दूध देऊ नका, कोरडी पोळी द्या. लहान मुलांना आगगाडी बरी असं वाटत असेल तर कोकण रेल्वेचं माणगाव स्टेशन आहे, पण तिथून पुढे गाडी करावी लागतेच. बोर्ली हे शेवटचं बाजाराचं गाव. डायपर, पॅरासिटामॉलचं पातळ औषध, ओआरएसची पाकिटं तिथेच घ्या. सरकारी दवाखानाही तिथेच आहे, आणि तो कुठे आहे हे जाताना बघून ठेवलेलं बरं.

आता मुक्काम. घरगुती राहण्याच्या सोयी गावात पावलोपावली आहेत. आम्ही राहिलो ते घर एका पन्नाशीच्या वहिनींचं. मागच्या अंगाला नव्या खोल्या बांधलेल्या, पुढे जुनं घर, ओटी, ओटीवर झोपाळा. नाव देत नाही, कारण जे सांगणार आहे ते गावातल्या बऱ्याच घरांना लागू पडतं.

चांगलं आधी. अंगणात नळ होता आणि तो खाली होता. समुद्रावरून आलेलं पोर तिथेच उघडं करून धुवायचं, मगच आत. खोलीत वाळू नाही, सुनेच्या कपाळाला आठी नाही. झोपाळा जाड सागवानी फळीचा, पण टांगलेला बेताच्या उंचीवर, त्यामुळे नातू स्वतःचा स्वतः चढत होता. दुपारी दोन्ही पोरं त्याच्यावर आडवी झाली आणि कडीच्या कुरकुरीत झोपली. खोलीतला एसी आम्ही भाडं भरून घेतला आणि रात्रीपुरता वापरला.

आता वाईट. न्हाणीघराच्या उंबऱ्याला जवळजवळ फूटभर पायरी होती. पाणी बाहेर येऊ नये म्हणून गवंडी ती करतो हे मला कळतं, पण तीन वर्षांच्या मुलाला ती भिंतच. रात्री अंधारात तो तिथे पडला. लागलं नाही, रडला मात्र शेजारच्या खोल्यांना ऐकू जाईल असा. वहिनींना सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी एक पाट आणून पायरीखाली टेकवला, प्रश्न मिटला. असा पाट किंवा सपाट चिरा प्रत्येक खोलीत आधीच का नसावा? पलंगाशेजारी मुलाच्या नाकासमोर येईल असा उघडा प्लग होता, त्याला मी चिकटपट्टी लावली. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि एक दिवा चालतो. ते चालेल.

विहिरीबद्दल मात्र मी कोणाचीही भीड ठेवणार नाही. वाडी म्हटली की विहीर आलीच, आणि बऱ्याच जुन्या विहिरींचा कठडा मोठ्या माणसाच्या गुडघ्याइतकाच असतो. इथेही तसाच होता. वर जाळी होती, पण अर्ध्या भागावर. मोटारीचा पाइप जातो तिथे उघडी. आम्ही पोचलो तेव्हा सामान उतरवायच्या आधी मी नातवाला कडेवर घेऊन तिथे गेले, पाणी दाखवलं, आत खडा टाकून आवाज ऐकवला आणि सांगितलं, इथे यायचं ते आजीच्या हाताला धरूनच. मुलांना विहीर लपवून ठेवली की ती शोधायला जातात. पण माझ्या सांगण्यावर कोणी विसंबू नये. मालकांनी पूर्ण जाळी बसवावी. एवढ्या खोल्या काढतात, त्यात जाळीचा खर्च तो कितीसा? वहिनी म्हणाल्या, “अहो आजी, आमची पोरं याच विहिरीवर वाढली.” मी म्हटलं, “तुमच्या पोरांना ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आमची कालपर्यंत तिसऱ्या मजल्यावर राहत होती.” त्या हसल्या, पण जाळी करून घेते म्हणाल्या. पुढे जाणाऱ्यांनी विचारून बघावं.

वाडी हा खरा तर अर्धा मुक्काम. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच पट्ट्यावर धडकलं. त्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वहिनींची निम्म्याहून जास्त पोफळ गेली. नवीन लावलेली आता डोक्याच्या वर गेलीत, पण दुपारी वाडीत मधेमधे उन्हाचे चौकोन पडतात, तिथे पूर्वी पाऊल गार पडायचं म्हणे. नारळ पडायची भीती वाटत असेल तर दुपारी मुलांना पोफळीच्या बाजूला खेळवा. पाण्याचे पाट, चिखल, पडलेल्या सुपाऱ्या, झावळ्या, गोगलगायी: खेळणी न्यायची गरजच नाही. नातीने सुपाऱ्या गोळा करून दुकान मांडलं आणि सगळ्यांना पाच-पाच रुपयांना विकल्या. संध्याकाळी मात्र डास भरपूर. ओडोमॉस लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आणि मच्छरदाणी मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितली की देतात.

आता समुद्र. किनारा चारएक किलोमीटरचा, सपाट, उतार अगदी मंद. ओहोटीला वाळू इतकी घट्ट असते की बाबागाडीही चालते. पण किती वाजता जायचं हे हॉटेलवाले सांगत नाहीत, आणि लहान मुलांच्या बाबतीत सगळं त्यावरच अवलंबून असतं. कोकणात जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्याच्या पुढेमागे सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, ते चालतं.

म्हणजे द्वितीया ते पंचमीच्या सुमारास गेलात तर सकाळी सात-नऊला ओहोटी असते आणि संध्याकाळी पाचनंतर पाणी उतरत असतं. पोरांच्या दोन्ही वेळांना ओली, मोकळी वाळू मिळते. दशमी-द्वादशीला गेलात तर सकाळ-संध्याकाळ नेमकं पाणी वर चढलेलं, खेळायला कोरड्या भुसभुशीत वाळूची पट्टी, त्यात किल्ला उभाच राहत नाही. मुलाने ऑफिसच्या सुट्ट्या बघितल्या, मी दिनदर्शिकेतल्या तिथ्या बघितल्या, आणि दोन्हींचा मेळ बसवून तारीख काढली. सुनेला आधी ही गंमत वाटत होती. पहिल्या सकाळी समोर मैदान पसरलेलं बघितल्यावर तिने दिनदर्शिकेच्या त्या पानाचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

एक ध्यानात ठेवा, उतरतं पाणी ओढतं. किनारा सपाट आहे म्हणून गाफील राहायचं नाही. आमच्याकडे घोट्याचा नियम होता: पाणी घोट्याच्या वर आलं की मोठ्या माणसाचा हात धरायचा, गुडघ्याला आलं की मागे फिरायचं. मोठ्यांनी मोबाइल पिशवीत टाकायचा. किनाऱ्यावरच्या गर्दीत पोराकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढणारे आईबाप बघून माझी बालवाडीतली शिट्टी फार आठवली.

ओहोटीच्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी पडलेली असते. नातू ओरडला, “आजी, साबुदाणा सांडला!” मग आम्ही उकिडवे बसून वाट बघितली. बोटाच्या पेराएवढाही नसेल असा खेकडा बिळातून वर आला, तोंडाने वाळू चाळायला लागला, त्यातलं खाण्यासारखं खाल्लं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकली. पाऊल वाजलं की आत गडप. त्या दोघांनी तिथे जितका वेळ काढला तितका पैसे देऊन केलेल्या एकाही गोष्टीवर काढला नाही. घोडागाडीत पाच मिनिटांत कंटाळले.

किनाऱ्याचा तोटा म्हणजे वाळूवर धावणारी वाहनं. फुगीर चाकांच्या त्या भडभडणाऱ्या गाड्या ओल्या वाळूवरून सुसाट जातात, चालवणारे बहुतेक पहिल्यांदाच बसलेले. त्यात हौशी लोक स्वतःच्या मोटारी पाण्यापर्यंत आणतात. तीन फुटांचं मूल त्या उंच बॉनेटच्या पुढे दिसत नाही, हे कोणाच्याच डोक्यात येत नाही. शनिवार-रविवारी मुख्य वाटेवरची गर्दी टाळा आणि सुरूच्या कडेने दहा मिनिटं दक्षिणेला किंवा उत्तरेला चाला. तिथे कुत्री आणि खेकडेच असतात. कुत्री गरीब आहेत, पण बिस्किटं दाखवली की मागे लागतात. पायात चपला असू द्या. सुरूची बोंडं टोचतात आणि बाटल्यांच्या काचाही असतात.

जेवणासाठी गाव नावाजलेलं आहेच. सकाळी वहिनी विचारायला येतात, तेव्हाच सगळं सांगून टाकायचं, कारण इथे माणसं मोजून रांधतात. घावन आणि नारळाची चटणी, आंबोळी, पोहे. दुपारी तांदळाची भाकरी, वालाची उसळ म्हणजे बिरडं, फणसाची भाजी, सोलकढी, आणि सांगितले तर उकडीचे मोदक. मोदकांची पारी पातळ होती, कळ्या नीट, गूळ जास्त झालेला नव्हता. मी देशस्थ, पण एवढं कबूल करते की उकडीला हात कोकणचाच लागतो. मासे हवे असतील तर वेगळी खानावळ. आम्ही एका संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या एका ठिकाणी गेलो. ‘मुलांसाठी कमी तिखट’ असं दोनदा सांगून सुरमईचं कालवण आलं ते लालभडक, आणि त्यासाठी पाऊण तास बसवून ठेवलं. रात्री आठ वाजता भुकेलं पोर पाऊण तास सांभाळणं म्हणजे काय ते त्या मालकाला कोणीतरी सांगायला हवं. तळलेली तुकडी तेवढी चांगली होती. घरी परतल्यावर वहिनींनी न सांगता मऊ भात, मेतकूट आणि वर तूप असं दोघांना वाढलं. या एका वाटीसाठी मी त्या न्हाणीघराच्या पायरीचे निम्मे गुण परत दिले.

मुलाच्या मोबाइलमध्ये बघायच्या ठिकाणांची यादी होती. “आई, एवढं आलोय तर जंजिरा तरी करू. दिघीवरून होड्या जातात.” मी जंजिऱ्याला पूर्वी गेले आहे. किल्ला अप्रतिम आहे. पण तेव्हा होडी दाराशी डुलत होती आणि त्यातून ओल्या पायऱ्यांवर पाऊल टाकायचं होतं, लोक हात देऊन एकेकाला ओढून घेत होते. कडेवर पोर घेऊन हे मी करणार नाही आणि सुनेलाही करू देणार नाही. हरिहरेश्वरचं दर्शन ठीक, पण तिथली समुद्राच्या बाजूची खडकांवरची प्रदक्षिणा लाटांमुळे जीवघेणी ठरलेली आहे, लहान मुलांना घेऊन तर नाहीच. शेवटी आम्ही श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्याचा रस्ता धरला: भरडखोल, शेखाडी, आरावी, कोंडिवली. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खाली समुद्र, गाडी सावकाश. भरडखोलला होड्या आणि वाळत घातलेली मासळी बघून मुलं खूश, वासाने सून बेजार. श्रीवर्धनला भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं मूळ गाव म्हणून नातीला दोन शब्द सांगितले. तिने विचारलं, त्यांच्याकडे झोपाळा होता का.

गावातलं सुवर्ण गणेशाचं देऊळ मात्र मुलांना जरूर दाखवा आणि जाताना गोष्ट सांगा. १७ नोव्हेंबर १९९७, संकष्टी होती, वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने निघाले. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडून मुखवटा गेला. पहारेकऱ्यांचे जीव गेले तो भाग मी मुलांना सांगितला नाही. पुढे हस्तगत झालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये बसवला. नात सगळं ऐकून गप्प होती. परत आल्यावर दोघं वहिनींच्या वाडीत करवंटीने खणायला बसली ते जेवायला उठेनात. संकष्टीला तिथे रांग असते. वर तिथीचा हिशेब सांगितला त्यात वद्य चतुर्थी येते, तेवढा दिवस देवळात सकाळी लवकर जा. जवळच रूपनारायणाची मूर्ती आहे, प्रभावळीत दशावतार कोरलेले. ‘मासा शोध, कासव शोध’ असा खेळ लावला तर मुलं शांत उभी राहतात. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट याच गावचा. तो मुलांना सांगायला गेले नाही, पण मला स्वतःला तिथे उभं राहून बरं वाटलं.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आंबे असतात, पण सकाळी नऊनंतर वाळू पाय भाजते आणि गर्दी अंगावर येते. पावसाळ्यात वाडी सुरेख दिसते म्हणे, पण खवळलेला समुद्र आणि तीन वर्षांचं पोर ही जोडी मला नको.

खर्चाचं शेवटी. आम्हाला एसी खोली अडीच हजार पडली, शाकाहारी ताट अडीचशे, मोदक वेगळे. दिवाळी-नाताळात दर वाढतात. आगाऊ रक्कम फोनवरून पाठवावी लागते. जास्तीची गादी, गरम पाणी आणि मुलांचं जेवण यांचं काय ते तेव्हाच विचारून घ्या. आमच्याकडे पाच वर्षांखालच्याचं ताट लावलं नाही, आईच्या ताटातलं खातो म्हणून सोडून दिलं. मोदक मात्र वहिनींनी मोजले होते. धाकट्याच्या नावावर सहा निघाले, आणि ते त्यानेच खाल्ले होते.